चवळीची वंशावळ

शेलाट्या मुलीला ‘चवळीची शेंग’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत त्या शेंगेच्या कुळाची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. राजघराण्यांच्या वंशावळी भाटांनी गायिल्या, बखरकारांनी लिहिल्या. पण जिच्या उसळीवर पिढ्यान्पिढ्या पोसल्या ती चवळी कोठली आणि आपल्या दारी कशी आली, हे विचारायचे राहूनच गेले.

चवळीचे माहेर आफ्रिका. घाना देशातील उत्खननात तिचे जे जळके दाणे सापडले, ते साडेतीन हजार वर्षांहून जुने आहेत. इसवी सनापूर्वीच ती भारतात येऊन रुळली आणि संस्कृतात ‘राजमाष’ असे भारदस्त नाव मिळवून बसली. ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. म्हणजे वऱ्हाडी ताटातली भाकर आणि चवळीची उसळ ही एकाच गावची माणसे. दोघांनी परमुलखात येऊन संसार थाटला, इतकेच!

हीच चवळी दुसऱ्या वाटेने, गुलामांच्या जहाजांबरोबर, अमेरिकेत गेली. तेथे कापसाने जमिनी निःसत्त्व झाल्या, तेव्हा गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या शास्त्रज्ञाने १९०३ साली चवळीवर एक पत्रिकाच काढली. चवळीच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतला नत्र जमिनीत आणतात. तेव्हा कापसाने जे नेले, त्यातले काही चवळी परत करते.

कापसाची ही कथा आपल्या वऱ्हाडाला परकी नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर इकडे वळली. खामगावची बाजारपेठ गजबजली. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटाही आला. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावांच्या काळ्या रानात पांढरे सोने पिकू लागले. पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा मात्र सोने खाता येत नाही हे सर्वांना कळले.

सरकारी दप्तरात कापूस आहे, ज्वारी आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर कुंपणाला चढलेल्या चार वेलांची नोंद कोण ठेवणार? ती नोंद ठेवली बायकांनी, आणि तीही कागदावर नव्हे, मडक्यात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा नेम पाळायचा तर परसातली भाजी हवीच. व्रताने परस राखले आणि परसाने बियाणे राखले.

या राखण्यामागे मोठा अनुभव होता. मृगाचा पाऊस पडला की पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर बी टोचायचे. वेल धरला की निरोगी, भरघोस वेलावरच्या चांगल्या शेंगा बियाण्यासाठी सोडायच्या. त्या कितीही कोवळ्या आणि मोहक दिसल्या तरी भाजीसाठी तोडायच्या नाहीत. वेलावरच वाळल्या की सोलून उन्हे द्यायची आणि राखेत कालवून मडक्यात भरायच्या. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणून ही राखेची चौकी. चवळीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे आजीचे बी नातीच्या अंगणातही आजीच्याच गुणाचे निघते.

मात्र ही साखळी एका पावसाळ्याच्या हयगयीनेही तुटू शकते. सोयाबीन आले, पुड्यांतले बियाणे आले, परसावर सिमेंट पडले. घराघरांतली मडकी रिकामी झाली. अकोल्याच्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या केंद्रासारख्या संस्था जुने वाण थंड कोठारांत जपतात, हे मोठेच काम. परंतु कोठारात बी झोपलेले असते. नव्या कीडरोगाशी आणि लहरी पावसाशी झुंजायला ते मातीतच शिकते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे असेच पेरून, वाटून जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क मान्य केला आहे.

हक्क आहे, पण बी हवे ना! खरिपाच्या चवळीचे बियाणे सोलून, वाळवून झालेले असते ते याच दिवसांत. शेजारी फराळाचे ताट जाईलच. ज्या घरी जुने वाण उरले असेल, त्या घरातून ताटाच्या कडेला चवळीची एक पुरचुंडीही जावी. देणाऱ्याचे मडके कधी रिते झालेच, तर मागायला एक घर राहील.