घरगुती संगणकीय ध्वनिमुद्रणातील खंड व विलंब

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना आवाज मधेच तुटणे, त्यात टिकटिक किंवा खरखर उमटणे आणि गायलेला वा वाजवलेला स्वर हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणे, या घरच्या स्टुडिओतील दोन नित्याच्या तक्रारी आहेत. पहिलीला खंड (ड्रॉपआउट) आणि दुसरीला विलंब (लेटन्सी) म्हणतात. दोन्हींचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी असते. एक दोष घालवायला गेले की दुसरा वाढतो, म्हणून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

बफर : मायक्रोफोनमधून आलेल्या विद्युत संकेताचे ऑडिओ इंटरफेस दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजमाप घेतो. सीडीसाठी ही संख्या ४४,१०० आणि चित्रपट-व्हिडिओसाठी ४८,००० अशी रूढ आहे. हे नमुने, म्हणजे सॅम्पल, संगणकाकडे एकेक करून जात नाहीत. ६४, १२८, २५६, ५१२ किंवा १,०२४ अशा गठ्ठ्यांनी जातात. हा गठ्ठा म्हणजे बफर. गच्चीवरची टाकी मोठी असली तर नगरपालिकेचे पाणी तासभर उशिरा आले तरी नळ चालू राहतो, पण टाकीत आज पडलेले पाणी नळाला यायला वेळ लागतो. बफरचेही तसेच आहे. बफर मोठा ठेवला तर संगणकाला सवड मिळते, पण आवाज उशिरा पोचतो. लहान ठेवला तर आवाज लगेच येतो, मात्र संगणक क्षणभर जरी दुसरीकडे गुंतला तरी पुढचा गठ्ठा वेळेवर तयार होत नाही आणि आवाजात भोक पडते.

गणित सोपे आहे : बफरमधील सॅम्पलना दर सेकंदाच्या सॅम्पलसंख्येने भागायचे. ४८,००० च्या दराने १२८ सॅम्पलना सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, तर १,०२४ ला २१.३. गायकाचा आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना दुसरा, असा फेरा असतो. त्यात रूपांतरकांचा (कन्व्हर्टरचा) वेळ आणि ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेला जादा बफर मिळवावा लागतो. त्यामुळे १२८ च्या सेटिंगवर कागदोपत्री सुमारे ५.३ मिलिसेकंद दिसणारा विलंब प्रत्यक्षात ८–१० पर्यंत जाऊ शकतो. मुद्रणाच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दिसणारा आकडा ड्रायव्हरने कळवलेला असतो आणि तो नेहमी खरा असेलच असे नाही. खात्री करायची तर इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडावे, एक टोकदार ‘टक्’ वाजवून मुद्रित करावा आणि मूळ व मुद्रित ‘टक्’ यांतले अंतर सॅम्पलमध्ये मोजावे. ४८,००० च्या दराने ४८० सॅम्पलचे अंतर म्हणजे १० मिलिसेकंद. ड्रायव्हरचा आकडा चुकीचा निघाला तर प्रत्येक नवा ट्रॅक तेवढाच मागे पडतो. प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती एकदा हाताने भरून ठेवता येते.

किती विलंब चालतो : आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. दोन मीटरवर बसलेल्या तबलजीला गायकाचा स्वर ६ मिलिसेकंद उशिराच पोचत असतो आणि त्याने कोणाची सम चुकत नाही. म्हणून १० मिलिसेकंदांच्या आतला फेरा बहुतेक वादकांना खटकत नाही. वाद्यावाद्यांत मात्र फरक आहे. तानपुऱ्याच्या अखंड नादात ३० मिलिसेकंदही लपतात. तबल्याच्या ‘ना’ला किंवा कीबोर्डवर वाजवलेल्या आभासी पियानोला ते लपत नाहीत, बोट आणि आवाज वेगळे झाल्याचे तत्काळ जाणवते. सर्वांत अवघड स्थिती गायकाची असते. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येतो आणि तोच थोडा उशिरा हेडफोनमधून. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. ५ मिलिसेकंदांच्या फरकाला १००, ३००, ५०० हर्ट्‌झ या ठिकाणी खड्डे पडतात. गायक ‘उशीर होतोय’ असे म्हणत नाही, ‘आवाज पोकळ येतोय’, ‘सूर लागत नाही’ असे म्हणतो. मुद्रण करणाऱ्याने ही तक्रार मनाची समजूत म्हणून टाळू नये, तिला भौतिक कारण आहे.

गाण्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे इंटरफेसमधील थेट मॉनिटरिंग (डायरेक्ट मॉनिटरिंग). यात मायक्रोफोनचा आवाज संगणकाचा फेरा न घेता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो. त्या वेळी प्रोग्रॅममधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करणे आवश्यक असते, नाहीतर आवाज दुहेरी येतो. थेट आवाज कोरडा असतो आणि रिव्हर्बशिवाय गाणे बऱ्याच जणांना जड जाते. अशा वेळी संगणकातून फक्त रिव्हर्बचा भाग पाठवावा, मूळ आवाज नाही. रिव्हर्ब १०–१५ मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला तो खोलीच्या प्रतिध्वनीसारखाच वाटतो. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणासाठी निरुपयोगी आहेत. आवाजाचे संक्षेपण आणि प्रक्षेपण यांतच त्यांचा विलंब सहसा १०० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि कोणत्याही बफर-सेटिंगने तो कमी होत नाही.

मिडी कीबोर्डचा प्रश्न यापेक्षा हलका आहे. १९८३ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या या पद्धतीत दर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका स्वराचा तीन बाइटचा संदेश जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. कळ दाबल्यावर जो उशीर जाणवतो तो मिडीचा नसतो, आभासी वाद्याच्या आउटपुट-बफरचा असतो.

ड्रायव्हर : विंडोजमधील सामान्य ध्वनिमार्ग वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी बांधलेला आहे, तातडीसाठी नव्हे. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ‘असिओ’ पद्धत हा मार्ग टाळून प्रोग्रॅमला थेट इंटरफेसशी जोडते. इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला असिओ ड्रायव्हर बसवला आणि तो प्रोग्रॅममध्ये निवडला की निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. ‘असिओ फॉर ऑल’ हा सामायिक ड्रायव्हर लॅपटॉपच्या अंगभूत ध्वनीसाठी कामचलाऊ आहे. चांगला इंटरफेस असताना तो वापरणे म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणे. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो, वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. लिनक्सवर ॲल्सा या ध्वनियंत्रणेच्या जोडीला जॅक किंवा अलीकडचा पाइपवायर वापरतात. कर्नलमधील वास्तवकालीन कामकाजाची सोय २०२४ मध्ये मुख्य शाखेत दाखल झाली, त्यामुळे तिथली पूर्वीची खटपट कमी झाली आहे.

खंडाची कारणे : ‘माझा प्रोसेसर तीस टक्केही भरलेला दिसत नाही, मग आवाज का तुटतो?’ हा प्रश्न फार ऐकू येतो. तो आकडा सरासरीचा असतो, आणि इथे सरासरीला अर्थ नाही. हजार गठ्ठ्यांपैकी ९९९ वेळेवर आले आणि एक आला नाही तरी कान तो एकच ऐकतात. शिवाय एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन एकामागून एकच चालवावे लागतात. त्यांचे काम अनेक कोअरमध्ये वाटता येत नाही. एक कोअर भरून वाहत असताना बाकीचे रिकामे असू शकतात.

प्रोसेसर मोकळा असूनही अडथळा येण्याचे दुसरे कारण म्हणजे इतर उपकरणांचे ड्रायव्हर. वायफाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरीची देखरेख यांपैकी एखादा ड्रायव्हर तातडीचे काम म्हणून प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून ठेवतो आणि लहान बफर तेवढ्यात रिकामा होतो. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्रॅम काही मिनिटे चालवला की दोषी ड्रायव्हरचे नाव दिसते. नवा संगणक विकत घेण्याआधी ही तपासणी केलीच पाहिजे. केवळ वायफाय बंद करून सुटणाऱ्या प्रश्नासाठी कलाकाराने मोठी रक्कम घालवावी, हे योग्य नाही.

वीजबचतीच्या सेटिंगही तपासाव्यात. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरचा वेग उतरतो, म्हणून मुद्रणाच्या वेळी चार्जर लावलेला आणि विजेची योजना पूर्ण क्षमतेवर ठेवलेली असावी. यूएसबी पोर्टला झोपवणारी सोय बंद करावी. आपल्याकडे याला उन्हाळ्याची जोड मिळते. मायक्रोफोनमध्ये घरघर येऊ नये म्हणून पंखा आणि एसी बंद करून, खिडक्या लावून मुद्रण चालते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात अशा खोलीत लॅपटॉप लवकरच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली दोन गाणी स्वच्छ आणि तिसऱ्यापासून खंड, असे झाले तर उष्णतेचा संशय घ्यावा. संगणक दाराबाहेर ठेवून लांब केबलने काम करणे हा जुना आणि चांगला उपाय आहे, यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत चालते.

यूएसबीची वाहनक्षमता अपुरी पडते, हा समज बहुधा चुकीचा असतो. २४ बिटांच्या एका चॅनेलला ४८,००० च्या दराने सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. अडचण येते ती स्वस्त हबची, सैल केबलची किंवा त्याच मार्गावर बसलेल्या वेबकॅमची. क्वचित दोष खुद्द संगणकाचा असतो : २०१८ च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनी या मॉडेलांवर यूएसबी इंटरफेसचा आवाज तुटत असे, ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस १०.१४.४ या आवृत्तीत त्यावर दुरुस्ती दिली. तोवर कित्येक जण बफर बदलत बसले होते.

निदान : पहिली परीक्षा एकच. मुद्रित भाग पुन्हा पुन्हा वाजवावा. टिकटिक दर वेळी त्याच जागी आली तर ती फाइलमध्ये शिरली आहे आणि दोष मुद्रणाच्या वेळचा आहे. जागा बदलत राहिली तर मुद्रण शाबूत आहे, अडखळते आहे ते फक्त वाजवणे. दुसऱ्या स्थितीत घाबरण्याचे कारण नाही. बफर १,०२४ करावा, जड ट्रॅक ‘फ्रीझ’ करावेत (म्हणजे तात्पुरते ध्वनिफाइलमध्ये बदलावेत) आणि मिश्रण चालू ठेवावे. ठरावीक अंतराने येणारी टिक बहुधा उपकरणांच्या अंतर्गत घड्याळांतील (क्लॉक) तफावतीची असते : दोन डिजिटल उपकरणे जोडली असतील तर त्यांपैकी एकच मुख्य असावे आणि दुसऱ्याने त्याच्या तालावर चालावे, दोघांचे सॅम्पल-दरही सारखे हवेत. दर मिनिटाला आवाज क्षणभर गायब होत असेल तर एखादा प्लगइन चाचणी-आवृत्तीतला नाही ना, हे बघावे. केबल हलवल्यावर खरखर आली तर बफरला हातही लावू नये.

मुद्रण करताना बफर ६४ किंवा १२८, मिश्रण करताना ५१२ किंवा १,०२४, अशी दोन टप्प्यांची सवय लावून घ्यावी. मुद्रणाच्या टप्प्यात पुढचे बघून काम करणारे लिमिटर आणि लिनिअर-फेज इक्वलायझर बंद ठेवावेत; बफर कितीही लहान असला तरी ते आपला स्वतंत्र विलंब घालतात. सॅम्पल-दर ९६,००० केल्याने त्याच बफरचा वेळ निम्मा होतो, हे खरे. पण प्रोसेसरचा भार जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून केवळ विलंबासाठी तसे करू नये.

ख्यालाचे किंवा ठुमरीचे मुद्रण असेल तर ही सर्व तयारी आदल्या दिवशी, पूर्ण बैठकीइतका वेळ नमुना-मुद्रण चालवून करावी. सुगम संगीतात बिघडलेली ओळ पुन्हा गाता येते. आलापीतली एक जागा पुन्हा मागता येत नाही आणि मागूही नये. तरीही खंड पडलाच तर काही सॅम्पलपुरती टिक लहरीचे चित्र मोठे करून प्रोग्रॅममधील पेन्सिलने सांधता येते. मोठा गठ्ठा गळला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी : काही प्रोग्रॅम गळलेल्या जागी शांतता भरत नाहीत, त्यामुळे त्यापुढचा सारा आवाज तेवढा अलीकडे सरकतो. गायनाचा ट्रॅक त्या बिंदूवर कापून, पुढची सम तबल्याच्या समेला जुळेल इतका मागे सरकवावा.