मत्स्यशोधक व ट्रोलिंग मोटर : वाशीमच्या जलाशयांसाठी निवड

हौशी मासेमारीच्या छोट्या नावेवर पाण्याची खोली, तळ आणि मासे दाखवणारे ध्वनियंत्र म्हणजे मत्स्यशोधक; तर नाव फारसा आवाज न करता हळू पुढे नेणारी, बॅटरीवर चालणारी मोटर म्हणजे ट्रोलिंग मोटर. अमेरिकेतील फार्गोच्या ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली अशी विजेची मोटर बनवली. जपानच्या फुरुनोने १९४८ साली व्यावसायिक मासेमारीसाठी मत्स्यशोधक आणला. त्यानंतर दशकभरात अमेरिकेतील लोरन्सने हौशी नावांसाठी लहान यंत्रे काढली.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा समुद्रापासून दूर आहे. इथले मोठे पाणी धरणांचे : वाशीम शहराची तहान भागवणारे एकबुर्जी, कारंज्याजवळचे अडाण, सोनल आणि अनेक लघुतलाव. इथली मासेमारी मुख्यतः पोटापाण्याचा धंदा आहे. ती वल्ह्यावर, ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर चालते. म्हणून समुद्री नावेवरील उपकरणांची यादी इथे उचलून आणण्यात अर्थ नाही. रडार नको, व्हीएचएफ रेडिओ संचही नको. ठिकाण लक्षात ठेवायला मोबाइलमधील जीपीएस पुरते.

मत्स्यशोधकाचा संवेदक पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि तळावरून किंवा माशाच्या शरीरातील हवेच्या पिशवीवरून परतलेला प्रतिध्वनी पकडतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. परतायला लागलेल्या वेळावरून खोली निघते. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात पाणी गढूळ होते, तेव्हा पाण्याखालचा कॅमेरा आंधळा होतो, ध्वनी मात्र बहुतेक अडत नाही. उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्‌झचे साधे यंत्र योग्य. पण त्याची मर्यादा ओळखावी. २० अंशांचा शंकू ५ मीटर खोलीवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा भाग पाहतो.

त्यात माशांच्या सवयी भिन्न. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या पाण्यात. नावेखाली पाहणाऱ्या यंत्राला मृगळ तळाच्या रेषेला चिकटून अस्पष्ट दिसेल, आणि कटला तर नावेच्या चाहुलीनेच बाजूला सरकेल. काठच्या गवतात दबा धरून बसणारा मरळ शोधायला यंत्रापेक्षा नजर बरी. समोरचे चित्र चालू क्षणी दाखवणारी महाग सोनार यंत्रे वाशीमच्या उथळ तलावांत पैसे वसूल करून देतील, असे वाटत नाही. साध्या यंत्राचा खरा उपयोग मासे मोजण्यात नाही. बुडालेल्या नाल्याचे जुने पात्र, बाभळीची खोडे, अचानक उतरणारा कडा हे सारे त्यातून कळते, आणि मासे अशाच जागी थांबतात.

मोटरचे माप मात्र मन लावून करावे. भरलेल्या नावेच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के रेटा हवा, असा ढोबळ नियम आहे. नाव, दोन माणसे, बॅटरी व सामान मिळून ३५० किलो झाले, तर ७ किलो, म्हणजे साधारण १५ पौंड रेटा लागेल. (मोटरींवर रेटा पौंडांत लिहिलेला असतो.) वाऱ्यासाठी दुपटीची सोय ठेवून ३० पौंडांची मोटर घ्यावी. साधारण ५५ पौंडांपर्यंतची मोटर १२ व्होल्टवर चालते. ७० ते ८० पौंडांच्या मोटरींना २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात.

बॅटरी निवडताना बहुतेकांची गल्लत होते. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करायला क्षणभर मोठा झटका देते. तासन्‌तास हळू विजेसाठी ती बनलेली नाही आणि लवकर खराब होते. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी हे काम करते, पण तिचे वजन पन्नास किलोंच्या वर, शिवाय हलत्या नावेत आम्ल सांडण्याची भीती. पुरेसा पैसा असेल तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट घ्यावी. लेड-ॲसिड असल्यास १०० अँपिअर-तासांपैकी निम्मेच वापरायचे : ३० अँपिअर खेचणारी मोटर पूर्ण वेगाने दीड-पावणेदोन तास, मंद वेगाने बराच जास्त वेळ चालेल. वायरवर योग्य क्षमतेचा फ्यूज किंवा ब्रेकर हवाच.

जलाशयांत सोडलेली जाळी हा मोठा अडथळा. नायलॉनचा बारीक धागा पंख्यामागे गुंडाळला गेला की तो सील कापतो आणि पाणी मोटरमध्ये शिरते. दर फेरीनंतर पंखा काढून पाहावा. ही जाळी मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची असतात. जाळ्यांपासून दूर राहावे.

बऱ्याच जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने सहकारी संस्थांकडे असतो. नाव पाण्यात सोडण्याआधी त्या संस्थेला, मत्स्यव्यवसाय विभागाच्या व जलसंपदा खात्याच्या स्थानिक कार्यालयांना विचारावे, आणि पहिला खर्च दोन लाइफ जॅकेटांवर करावा.