आद्यत्वाचा मान आणि पुराव्याचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात ‘विवेकसिंधू’चा उल्लेख ‘आद्य’ या विशेषणावाचून सहसा होत नाही. हे विशेषण कालक्रम सांगते, तसा मानही देते. मुकुंदराजांविषयीच्या वादात पुष्कळदा पहिल्या अर्थाने सुरू झालेली चर्चा दुसऱ्या अर्थापाशी येऊन थांबली आहे.

कालनिर्णयाची साधने मोजकीच आहेत. ग्रंथाच्या अखेरीस मिळणाऱ्या कालनिर्देशात शके १११० (इ. स. ११८८) आणि साधारण संवत्सर यांचा उल्लेख आहे. परंतु दक्षिणेतील गणनेनुसार शके १११० ला कीलक संवत्सर येते. साधारण येते ते शके १११२ ला. ग्रंथाशी निगडित जैत्रपाल राजा देवगिरीचा यादव जैतुगी मानला, तर ११८८ मध्ये गादीवर त्याचा पिता भिल्लम होता. तो खेरळ्याचा मानला, तर त्याचा काळ स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावा लागतो. शिवाय उपलब्ध संहितेची भाषा १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’हून अर्वाचीन वाटते.

स्थळाचा प्रश्नही असाच द्विधा आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि तिच्यामागे अखंड लोकश्रद्धा आहे. ग्रंथातील ‘अंबानगरी’ हे नावही तेथे सहज जुळते. मात्र त्याच संदर्भात येणारी वैन्यागंगा जयंतीकाठच्या या गावाला जुळत नाही. ती जुळते नागपूर जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला, जेथे मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांचे स्थान दाखवले जाते.

हे सारे मुद्दे शांतपणे पारखता येण्याजोगे आहेत. परंतु कालनिर्देशाच्या प्रामाण्याविषयीची शंका ही समाधीविषयीची अश्रद्धा ठरली, आणि नदीच्या नावाचा आग्रह हा प्रदेशाचा हक्क ठरला, की मग उत्तर मुद्द्याला दिले जात नाही; ते शंका घेणाऱ्याच्या हेतूला दिले जाते. त्यानंतर प्रतिपक्षाचा बलवान पुरावा मान्य करणे म्हणजे स्वपक्षाशी द्रोह वाटू लागतो.

या दुखरेपणाची कारणे क्षुद्र नाहीत. निजामी राजवटीत मराठवाड्यातील मराठीला राजाश्रय नव्हता. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पुणे-मुंबईच्या वाङ्मयव्यवहारात दोन्ही प्रदेशांना आपण परिघावर असल्याची जाणीव होती. ज्याला काठावरचे मानले गेले, त्याला ‘उगम आमच्याकडे आहे’ असे म्हणता येणे ही मोठी गोष्ट असते. म्हणूनच ही भावना हास्यास्पद ठरवणारा संशोधकही चर्चेचे नुकसानच करतो. तो पुरावा मांडतो, पण ऐकणाऱ्याला अधिक बचावात्मक करून सोडतो.

तथापि भावनेचे कारण समजणे वेगळे आणि तिला प्रमाण मानणे वेगळे. या गल्लतीची किंमत ग्रंथाने मोजली आहे. संहितेचे कोणते स्तर जुने, लेखनिकांनी भाषा कोठे बदलली, कालनिर्देश कोणत्या प्रतींत कसा येतो, हे पाठचिकित्सेचे प्रश्न स्थलवादाच्या सावलीत राहिले. शांकर अद्वैत आणि नाथपरंपरा यांची मराठीतील ही सांगड, संस्कृतातील शास्त्र देशभाषेत आणताना घडलेली परिभाषा, यांवरची चर्चाही ‘पहिला कोण’ या प्रश्नापुढे दुय्यम ठरली. दोन्ही गावे ज्या ग्रंथासाठी भांडली, तो ग्रंथच वादाबाहेर राहिला.

कालनिर्देश उद्या प्रक्षिप्त ठरला तरी अंबाजोगाईची समाधी आणि तिच्याभोवतीची शतकांची श्रद्धा हा इतिहासच राहील; आंभोऱ्याचा पक्ष दुबळा ठरला तरी हरिनाथांचे स्थान ओस पडणार नाही. श्रद्धेला तिचे स्वतंत्र मोल आहे हे संशोधकाने स्वीकारले, आणि त्या मोलाला शकाच्या आकड्याचा आधार लागत नाही हे श्रद्धावंताने ओळखले, तर ‘विवेकसिंधू’च्या नावातील पहिल्या शब्दाला त्याच्याविषयीच्या चर्चेतही जागा मिळेल.