आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण कारभारातल्या गोंधळावर हसून वापरतो. परंतु तिच्या शब्दार्थाकडे नीट पाहिले तर हसण्याजोगे तीत फार थोडे उरते. आग एका ठिकाणी आणि ती विझविण्याचे साधन दुसऱ्या ठिकाणी, ही खेड्यात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत विनोदाची गोष्ट नसून साधी वस्तुस्थिती आहे. बंब ही शहराची वस्तू. तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी उभा असतो, आणि निरोप पोहोचून, रस्ता कापून तो गावाच्या वेशीत येईपर्यंत घराचा प्रश्न बहुधा निकालात निघालेला असतो. आग दिसल्यापासून बंब येईपर्यंतचा हा जो काळ, तो सर्वस्वी शेजाऱ्यांचा. त्या काळात जे वाचते ते शेजाऱ्यांमुळे, आणि जे जाते तेही त्यांच्याच डोळ्यांदेखत. या शेजाऱ्याचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिलेला नाही.

जुने खेडे जळे कसे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. भिंत मातीची किंवा कुडाची, छप्पर गवताचे, पेंढ्याचे अगर माडाच्या झावळ्यांचे. घराला घर लागून. परसात गंजी, गोठ्यात वैरण. शिमगा उलटला की हे सारे छप्पर कोरडे ठणठणीत होते. त्याच वेळी विहिरींचे पाणी तळाला जाते आणि दुपारचा वारा सुटतो. अशा छपराने एकदा आढ्यापर्यंत पेट घेतला म्हणजे घागरीने पाणी ओतून ते विझत नाही. ओतणाऱ्यालाच तो ताव जवळ येऊ देत नाही. म्हणून जाणती माणसे पेटलेल्या घराचा नाद सोडून शेजारच्या घरावर चढत. तेथले गवत ओढून काढीत, ओली गोणपाटे अंथरीत, गुरांची दावी कापून त्यांना मोकळी करीत. एक घर गेले असे मानून दुसरे राखावयाचे, हे त्यांचे शास्त्र होते. आणि आजही अग्निशास्त्राला त्यात फारशी चूक काढता येणार नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्या गावगाड्यात सुतार होता, लोहार होता, कुंभार होता, चांभार होता. पाणी भरणारा कोळी होता, वेशीची राखण करणारा महार होता. परंतु बारा बलुतेदारांत आग विझविणारा म्हणून कोणी नव्हता. आग ही सर्वांची बाब, म्हणून ती कोणा एकाच्या वतनात घातली गेली नाही. जे काम सर्वांचे, ते संकटकाळी सर्वजण करतात हे खरे. पण संकट येण्यापूर्वी ते कोणीच करीत नाही, हेही तितकेच खरे.

या उणिवेवर अचूक बोट ठेवणारा एक दस्तऐवज मराठी इतिहासात आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात छावणीस असलेल्या आपल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस काडीचाही त्रास देऊ नये, या ताकिदीसाठी आपण ते आठवतो. त्याच पत्राचा आगीविषयीचा भाग मात्र सहसा वाचला जात नाही. महाराज तेथे बारीकसारीक तपशील सांगतात. कोणी शेकोट्या करतील, कोणी भलत्याच जागी चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील. खाली गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचे भान कोणास राहणार नाही. एका खणास आग लागली की सारे खण जळतील. रात्री जळता दिवा ठेवून माणसे निजली तर एखादा उंदीर पेटती वातच पळवून नेईल. आणि मग कोणाच्या गर्दना मारल्या तरी जळलेले लाकूड व गवत परत यावयाचे नाही. म्हणून कारकुनांनी सतत फिरत राहून चुली, शेकोट्या आणि दिवे पाहावेत, असा हुकूम आहे.

हे पत्र आग विझविण्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. फिरावे कोणी, पाहावे काय, आणि जबाबदार कोण, एवढेच ते सांगते. शिक्षेने जळलेले परत येत नाही, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्याने भर आगीच्या धावपळीपेक्षा आधीच्या फेरीला महत्त्व दिले आहे. पुढे आपण जे गमावले ते नेमके हेच.

कारण इंग्रजी अमदानीत आगीचा बंदोबस्त झाला, तो शहरांचा. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यातील बाजारपेठेत मोठी आग लागली. वस्तीचा फार मोठा भाग भस्मसात झाला. दारूगोळ्याचे कोठार वाचावे म्हणून तोफा लावून घरे पाडावी लागली. एक घर पाडून दुसरे राखण्याची खेड्याची युक्ती तेथे तोफांनी अमलात आणली, एवढाच फरक. त्यानंतर मुंबईत आगीचे काम बराच काळ पोलिसांकडे होते, आणि १८८७ साली शहराला पूर्णवेळ अग्निशमन दल मिळाले. खेड्याच्या वाट्याला जी सुधारणा आली ती वेगळ्या वाटेने आली. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौले हळूहळू पश्चिम किनाऱ्याच्या घरांवर चढली. खेड्यातील किती घरे बंबाने वाचविली आणि किती मंगळुरी कौलाने, असा हिशेब कोणी मांडलाच, तर पारडे कौलाकडे झुकेल यात मला शंका वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरही ही वाटणी पुरती पुसली गेली नाही. १९९२ साली झालेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवावयाच्या विषयांच्या याद्या घटनेत घातल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. त्यांतला सातवा अग्निशमन सेवा हा होय. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, पिण्याचे पाणी आहे, ग्रामीण घरबांधणी आहे, जळण आणि चारासुद्धा आहे. पण अग्निशमन नाही. जळणारे सारे पदार्थ यादीत आले आणि विझविणे तेवढे बाहेर राहिले.

मग खेड्याने काय करावे? इतर देशांनी याचे उत्तर स्वयंसेवकांत शोधले. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिन याने फिलाडेल्फियात शेजाऱ्यांची एक अग्निमंडळी काढली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाहून नेण्यासाठी पिशव्या आपल्या खर्चाने तयार ठेवावयाच्या, ठरलेल्या बैठकीस यावयाचे, आणि न आल्यास दंड भरावयाचा. जर्मनीत तर आजही अग्निशमनाचा मोठा भार गावोगावच्या स्वयंसेवक दलांवर आहे. सरावाला नियम, हत्याराला जागा आणि हुकमाला एक माणूस, या तीन गोष्टी तेथे ठरलेल्या असतात. स्वयंसेवा म्हणजे स्वैर सेवा नव्हे, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई इलाख्यात होमगार्ड संघटना मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने उभी राहिली. गावांसाठी ग्रामरक्षक दले निघाली. परंतु त्यांची नजर प्रामुख्याने दंगा, चोरी आणि दरोडा यांवर राहिली. आगीच्या वेळी गाव धावते ते पूर्वीच्याच रीतीने. दुपारी धडधाकट माणसे शेतावर असतात. गावात म्हातारी माणसे, बाया आणि मुले. जे धावतात त्यांना कोणी पुढारी नसतो. दहाजण एकाच दारात शिरतात आणि विहिरीवर मात्र कोणी नसते. ज्याच्या घरावरचे गवत ओढावयाचे तो हात धरतो, कारण त्याचे घर अजून पेटलेले नसते. पेटलेल्या घराचा मालक रडतो आणि न पेटलेल्या घराचा मालक भांडतो. या दोघांमध्ये उभे राहून निर्णय घेण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नसतो.

आणि पाण्याचा प्रश्न केवळ विहिरीच्या खोलीचा नव्हता. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या वस्तीला तहानेसाठी पाणवठा मोकळा नव्हता, त्या वस्तीची झोपडी पेटल्यावर घागर कोठे बुडवावयाची? गावाचे पाणी सर्वांचे नसेल, तर गावाची आगही सर्वांची होत नाही. शेजारधर्माचे गोडवे गाताना त्या धर्माची वेस कोठवर होती, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

हे सारे दूरच्या खेड्यांचे दुःख आहे असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस मयूर विहार ही मोठी वसाहत आहे. ज्या पटपडगंजाजवळ सप्टेंबर १८०३ मध्ये शिंद्यांची फौज जनरल लेकच्या सैन्याशी लढली, त्याच्याच शेजारची ही भूमी. वसाहतीपलीकडे नदीचे खादर, म्हणजे पुराच्या पाण्याने दरसाल भिजणारा सखल पट्टा. तेथे भाजीपाला पिकविणाऱ्यांनी आणि मजुरांनी बांबू, गवत व प्लॅस्टिकचे कागद यांच्या झोपड्या घातल्या. त्या उठविल्या गेल्या, पुन्हा बसल्या. राजधानीचे अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर खरे. पण शेताच्या बांधावरून जड गाडी जात नाही. आगीच्या दृष्टीने खेडे कोणते आणि शहर कोणते, हे नकाशावर ठरत नाही. बंब जेथे वेळेवर पोहोचत नाही ते खेडे, मग ते देशाच्या राजधानीत का असेना.

आज धावणाऱ्या शेजाऱ्यापुढे नवी संकटेही आहेत. गवत गेले, पत्रा आला. पण घरात विजेची तार आणि गॅसचे सिलिंडर आले. वीज चालू असताना ओतलेले पाणी ओतणाऱ्याचाच जीव घेऊ शकते. तापलेले सिलिंडर फुटले म्हणजे दारातल्या दहा माणसांना सोडीत नाही. आजोबांना पुरलेले धैर्य नातवाला पुरत नाही. त्याला शिक्षण हवे. उलट काही सोयीही झाल्या आहेत. महाराष्ट्रातील अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणेमुळे एका दूरध्वनीसरशी गावातील सर्व भ्रमणध्वनींवर एकच आवाज पोहोचतो. दवंडी आता क्षणात फिरते. परंतु दवंडी ऐकून धावणाऱ्यास काय करावयाचे हे ठाऊक नसेल, तर गर्दी तेवढी लवकर जमेल.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे स्फोटकांनी व कापसाने भरलेले जहाज पेटले, आणि ते विझविताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यू पावले. त्यांचे स्मरण झालेच पाहिजे. योगायोग असा की हाच आठवडा खेड्यांत आगीचा ऐन हंगाम असतो. त्या दिवशी कोठल्या तरी वाडीत एखादा शेतकरी शेजाऱ्याचे मूल बाहेर काढण्यासाठी पेटत्या दारात शिरत असेल. जळलेल्या घराचा तलाठी पंचनामा करील आणि घरमालकाला सरकारी मदत मिळेल. पण जो धावून गेला, ज्याचे हात भाजून त्या हंगामात नांगर धरण्याजोगे राहिले नाहीत, त्याची नोंद कोणत्या रकान्यात होते?

म्हणून शिमग्याच्या आधीच्या ग्रामसभेत एवढे विषय तरी घ्यावेत : खटका कोणी बंद करावयाचा, पंप कोणाचा चालवावयाचा, कोणाचा शब्द ऐकावयाचा, रात्रीची फेरी कोणी घालावयाची, आणि धावणारा जायबंदी झाला तर त्याची पेरणी कोणी करून द्यावयाची. पहिले चार प्रश्न सोपे आहेत. पाचव्याचे उत्तर जे गाव आधी देऊन ठेवील, त्याला पहिल्या चारांसाठी माणसे शोधावी लागणार नाहीत.