विचारायचं राहूनच गेलं

आज आम्ही तुम्हाला जुन्या काळातल्या काही गोष्टी सांगणार आहोत. पण सुरुवात करतो आमच्याच एका चुकीपासून.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं, की आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी चार रविवार वर्ग घ्यायचे. विषय वयात येण्याचा, मैत्रीचा, होकार-नकाराचा, लग्नाचा. आशाताई होत्या, अंगणवाडीच्या ताई होत्या, गटांच्या अध्यक्ष आणि सचिव होत्या. तासाभरात काय शिकवायचं याची यादी तयार झाली. इतिवृत्ताच्या वहीत ती अजून आहे. मोबाईल जपून वापरावा. एकटीनं रानात जाऊ नये. अनोळखी माणसाशी बोलू नये. घरच्यांची अब्रू सांभाळावी. एकूण बारा मुद्दे, त्यातले दहा मुलींनी काय करू नये याचे. मुलग्यांसाठी वेगळा एकही नव्हता. आणि ज्यांच्यासाठी ही यादी केली, त्यांच्यातल्या एकालाही आम्ही विचारलं नव्हतं.

हे ध्यानात आल्यावर आम्ही वाचनालयातली पुस्तकं काढली. आपल्याआधी हा विषय कुणी कसा हाताळला ते बघावं म्हटलं. तेव्हा कळलं, ही खोड काही आमची एकट्यांची नाही. संमती कशाला म्हणायचं यावर आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय. पण जिच्या संमतीचा प्रश्न, तिला बहुतेक वेळा विचारायचं राहूनच गेलं.

पहिली गोष्ट रखमाबाईंची. जन्म मुंबईचा, १८६४ सालचा. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. लग्न लागलं तरी त्या माहेरीच राहिल्या. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाचत राहिल्या, शिकत राहिल्या. पुढे नवऱ्यानं नांदायला बोलावलं, तेव्हा त्यांनी जायला नकार दिला. १८८४ साली दादाजी कोर्टात गेले. बायको माझ्या घरी पाठवा, अशी त्यांची मागणी होती.

खटला चालू असतानाच, १८८५ साली, रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहिली. खाली स्वतःचं नाव नव्हतं, ‘एक हिंदू स्त्री’ एवढंच होतं. तेव्हा त्यांचं वय होतं वीस. बालविवाहानं मुलीचं शिक्षण कसं तुटतं आणि जन्म कसा बांधला जातो, ते त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडलं. ज्या वयात काही समजत नव्हतं, त्या वयात झालेलं लग्न मला कसं बांधून ठेवेल, हा त्यांचा सवाल होता.

त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मग अपील झालं, तो निकाल फिरला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. गावोगावच्या वर्तमानपत्रांत वादळ उठलं. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’नं त्यांच्या विरोधात लिहिलं. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले.

आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “आपलं लग्न ठरलं तेव्हा आपल्याला कुठं कुणी विचारलं? मला तर हळद लागल्यावर कळलं.” सगळ्या हसल्या. पण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत.

दुसरी गोष्ट १८९१ सालची, संमतिवयाच्या कायद्याची. तोवर कायद्यात संमतीचं वय दहा वर्षं होतं. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. तिचं वय दहाच्या पुढे असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. देश हादरला. मग संमतीचं वय दहावरून बारा करायचा कायदा आला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. टिळकांनी विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. सभा झाल्या, शास्त्रांतले श्लोक काढले गेले, पानंच्या पानं छापली गेली.

कायदा झाला हे चांगलंच झालं. पण बायांनो, एक बघा. कायद्याच्या नावात ‘संमती’ होती, आणि सगळा वाद होता वयाच्या आकड्याचा. दहा की बारा? दहा-बारा वर्षांची पोर काय म्हणते, तिला भीती कशाची वाटते, ती कुणाला सांगू शकते, हे त्या वादात कुठं आलंच नाही. पुढे आकडा वाढत गेला. १९२९ च्या शारदा कायद्यानं लग्नासाठी मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं. १९७८ साली ते अठरा आणि एकवीस झालं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींना संरक्षण दिलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्यानं ठेवलेला संबंधही बलात्कारच. म्हणजे लग्न झालं, आता प्रश्न मिटला, असं म्हणायची सोय राहिली नाही.

तिसरी गोष्ट र. धों. कर्वे यांची. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवलं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. त्या मासिकात वाचक आपल्या शरीराच्या, संबंधांच्या अडचणी लिहून पाठवायचे आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं द्यायचे. घरात विचारता येत नाही, डॉक्टरला सांगायला लाज वाटते, असे हे प्रश्न.

या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू कुणी मांडली माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचकानं प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यायचंच नाही का, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही. आम्हाला यातून मिळालं ते असं, की काय शिकवायचं याची यादी कर्व्यांनी एकट्यानं बसून केली नाही. ती लोकांच्या पत्रांमधून येत गेली.

चौथी गोष्ट आपल्या विदर्भातली. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं झटापट केल्याचं दिसत नव्हतं. ती गप्प राहिली, म्हणून तिची हरकत नव्हती असं धरलं गेलं.

१९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. घाबरून गप्प बसणं आणि मनानं हो म्हणणं यात फरक आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. आणि २०१३ च्या कायद्यात संमतीचा अर्थ स्पष्ट लिहिला गेला: संमती म्हणजे स्वतःच्या मर्जीनं, शब्दांनी किंवा खुणेनं, स्पष्ट दिलेला होकार. अंगानं विरोध केला नाही, एवढ्यावरून होकार धरता येणार नाही.

आता शेवटची गोष्ट, ही तर आपल्या डोळ्यांदेखतची. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला. पुस्तकांतली चित्रं बघून आमदार संतापले. सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. पुस्तकं चांगली होती की वाईट, त्यावर वाद घालता येईल. पण ज्या मुलामुलींसाठी ती होती, त्यांना काय कळायला हवं होतं, हे त्यांना विचारूनच ठरवायला हवं होतं. खरं तर भारतानं १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार मान्य केला आहे. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय, की मुलांशी संबंध असलेल्या गोष्टींत त्यांना मत मांडू द्यावं आणि वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन द्यावं.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही वर्ग पंधरा दिवस पुढे ढकलले. समाजमंदिरात बिस्किटांचे दोन रिकामे डबे ठेवले, एक मुलींसाठी, एक मुलग्यांसाठी. नाव लिहू नका, काय विचारायचं ते लिहा, एवढंच सांगितलं. आणखी एक गोष्ट आधीच खरी खरी सांगितली. तुमचं बोलणं आम्ही गावभर करणार नाही. पण अठराच्या आतल्या कुणावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं कायद्यानं आम्हाला बंधनकारक आहे, ते आम्ही लपवू शकत नाही. ज्याला आत्ताच बोलायचंय त्यानं १०९८ वर फोन करावा, हेही फळ्यावर लिहिलं.

चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आम्ही ओशाळलो. एका मुलीनं लिहिलं होतं, “बघायला पाहुणे आले तेव्हा मी काहीच बोलले नाही. तो होकार धरतात का?” एकीनं लिहिलं, “नातेवाईक जवळ ओढतो. आईला सांगितलं तर ती मलाच बोलेल का?” एका मुलग्यानं लिहिलं, “मुलगी गप्प राहिली तर काय समजायचं?” दुसऱ्यानं, “मित्रांनी चिडवलं म्हणून फोटो पुढे पाठवला. आता काय करू?” उसाच्या टोळीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीनं विचारलं, “आई-बाबा दसऱ्यानंतर कोयत्यावर गेले की मी मागे कुणाकडे राहू, म्हणजे माझं लग्न लावणार नाहीत?”

यातला एकही प्रश्न आमच्या बारा मुद्द्यांत नव्हता. देसाईगंजच्या पोरीच्या खटल्यात कोर्टाला जे कळलं नाही, तेच आमच्या गावचा मुलगा चिठ्ठीवर विचारत होता. त्याला उत्तर न देता आम्ही मुलींना रानात जाऊ नका म्हणून सांगणार होतो.

मग नवी यादी मुलामुलींनीच लावली. पहिला रविवार ‘गप्प म्हणजे हो नाही’ यासाठी, दुसरा फोटो आणि मोबाईलसाठी, तिसरा घरात कुणाला सांगायचं यासाठी. तिसऱ्या वर्गाला आयांनीही यावं असं त्यांनी सुचवलं, आणि आम्ही ते मान्य केलं. मोठ्यांचं काम तरीही संपत नाही. खरी माहिती आणणं, कायदा सांगणारी वकीलताई बोलावणं, ज्या चिठ्ठीत धोका दिसतो तिच्यामागे लगेच उभं राहणं, हे आपल्यालाच करायचंय. नातेवाइकाच्या चिठ्ठीबद्दल आम्ही वर्गाची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी आशाताई कामाला लागल्या.

चौथा रविवार त्यांनी लग्नासाठी ठेवला. त्यात टोळीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींची मागे राहण्याची सोय कशी करायची, यावर ग्रामसंघानं बोलावं अशी त्यांची मागणी आहे. दसऱ्याच्या आत तो ठराव आम्हाला करायचाय. तुमच्या गटात असे वर्ग ठरत असतील, तर यादी करायच्या आधी एक रिकामा डबा ठेवा. डब्यातून काय निघालं ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.