साचे, विणकर आणि प्रोसेसर

एकाच प्रोग्रॅमचे कंपायलेशन अनेक प्रोसेसरांत वाटून देण्याची रीत आता रूढ झाली आहे. तिची तुलना साचेखात्याशी करण्याचा मोह होतो, विशेषतः डिलाईल रोडवरील मथुरादास मिलच्या आवारात कापडाऐवजी कचेऱ्या पाहिल्यावर. ही तुलना उपयुक्त आहे. मात्र ती जपून करावयास हवी.

१९५८ च्या फोरट्रान २ मध्ये प्रोग्रॅमचे पोटभाग स्वतंत्रपणे कंपाइल करण्याची सोय झाली. तीवाचून कामाची वाटणी संभवतच नव्हती. १९७६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन ह्यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम रचिला. कोणती फाईल कोणत्या फाईलीवर अवलंबून आहे हे त्यात नोंदवावे लागे. ही नोंद हाती आल्यावर, परस्परांवर अवलंबून नसलेल्या फाईली निरनिराळ्या प्रोसेसरांकडे सोपविणे पुढे सुलभ झाले. तथापि सारे भाग जोडण्याचे अखेरचे काम सर्व फाईली तयार होईपर्यंत थांबून राहते. जीन अ‍ॅमडाल ह्यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब येथे लागू पडतो : कामाचा दशांश भाग एकामागून एकच करावयाचा असेल, तर १६ प्रोसेसर लावूनही वेग ६.४ पट होतो आणि कितीही लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. गिरणीतही ताण्याला खळ लागून तो तयार झाल्यावाचून साचा चालू होत नसे, मग साचे कितीही असोत.

आता १९२८ चा संप घ्या. विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावे, अशी मालकांची योजना हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. संयुक्त संप समितीत डांग्यांबरोबर ना. म. जोशीही होते, डिलाईल रोडला आज त्यांचेच नाव आहे. ह्या योजनेत हात वाढत नव्हते. त्याच हातांवर साचे वाढत होते. हेतूही वेळ वाचविण्याचा नसून मजुरीचा खर्च कमी करण्याचा होता. एका साच्यावर धागा तुटला आणि विणकर दुसऱ्यावर गुंतलेला असला, म्हणजे पहिला बंदच राही; सूत निकृष्ट असेल तर असे वारंवार घडे. म्हणून ह्या योजनेचे साम्य अधिक प्रोसेसर लावण्याशी नाही, एका प्रोसेसरवर अधिक कामे लादण्याशी आहे. तेथे वाचन-लेखनाच्या खोळंब्यात दुसरे काम उरकते, त्यामुळे थोडा लाभ होतो. परंतु स्मृती अपुरी पडू लागली की यंत्राचा वेळ माहितीची ने-आण करण्यातच जातो आणि कंपायलेशन पूर्वीहून लांबते.