आजोबांचे जन्मगाव

सोयरीक जुळवताना आपल्याकडे घराण्याची चौकशी होतेच. परंतु एखाद्या राष्ट्राने आपल्याच पासपोर्टधारकाला दारात उभे करून त्याच्या आजोबांचे जन्मगाव विचारावे, ही गोष्ट विरळाच. १९६८ साली ब्रिटनने ती केली.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. तेथील भारतीय वंशाच्या रहिवाशांना केनियाचे नागरिकत्व घेण्यास दोन वर्षांची मुदत होती. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टवरच भिस्त ठेवली. तो खुद्द लंडनच्या सरकारच्या नावाचा असल्यामुळे १९६२ च्या कायद्याचे निर्बंध त्यांना लागू नव्हते. पुढे १९६७ मध्ये केनियाने परकीयांना कामाचा परवाना सक्तीचा केला. नोकऱ्या डळमळल्या आणि माणसे लंडनची वाट धरू लागली.

तेव्हा गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी विधेयक आणले. आठवडाभराच्या आतच, १ मार्च १९६८ रोजी, त्याचा कायदा झाला. स्वतः, आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मला वा तेथे नागरिक झाला असेल, तरच दार मोकळे! बाकीच्यांसाठी कुटुंबप्रमुखांना वर्षाकाठी १,५०० परवाने.

१९७३ मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगाने या कायद्यात वंशभेद असल्याचा निर्वाळा दिला. तरीही, दुसरे कोणतेच नागरिकत्व नसलेल्या अशा पासपोर्टधारकांना पूर्ण ब्रिटिश नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो २००२ च्या कायद्याने. पासपोर्ट म्हणजे राज्याने दिलेला शब्द. तो पाळायला चौतीस वर्षे लागली, आणि तोवर १९६८ मधले तरुण स्वतःच आजोबांच्या वयाला पोहोचले होते.